ओळखीचा सदरा

धम्मरत्ननं वावरात पाखरांना बसायला काठ्या रोवल्या, तेव्हा त्यांनी कपाशीतल्या अळ्या खाव्यात एवढंच त्याचं मागणं होतं. साळुंक्या आल्या, काठ्यांवर टेकल्या, आणि तिथून त्यांना पलीकडची ज्वारी स्वच्छ दिसली.

फवारणी बंद आणि एकाच वावरात कपाशी, तूर, चवळी, ज्वारी, हा यंदाचा बेत त्याचा. अट मात्र बायकोची, दीपाची. "घरच्या ज्वारीची भाकर झाली नाही, तर पुढच्या साली नुसती कपाशीची पऱ्हाटी. हे प्रयोग बंद," असं तिनं पेरणीलाच बजावलं होतं.

त्यामुळे रोज सकाळी ती गोफण घेऊन ज्वारीत ओरडायची आणि धम्मरत्न कपाशीत बसून साळुंक्यांची समजूत घालायचा. "बाईहो, अळ्या इकडं हायेत. तिकडं कायले जाता?"

"तुम्ही पाखरं बोलावून राह्यले का हाकलून?" दीपा विचारायची.

"दोन्ही."

शेवटी त्यानं आपला जुना निळा सदरा घातलेलं बुजगावणं ज्वारीत उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर साळुंकी बसून निवांत दाणे खात होती. धम्मरत्नला रागाआधी कुतूहल वाटलं. त्यानं बुजगावण्याला दोन फेऱ्या मारल्या. साळुंकी हलली नाही.

शेजारच्या तांड्यावरचा डोंगरसिंग बांधावरून म्हणाला, "धम्मभाऊ, सदरा तुमचाच ना? मंग कायले भिईन ते? रोज तं गप्पा करता तिच्याशी."

"मंग भिते कोणाले?"

दोघांनी दीपाकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यले?"

"साडी," धम्मरत्न प्रामाणिकपणे म्हणाला.

दीपाची जुनी हिरवी साडी ज्वारीत उभी राहिली आणि निळा सदरा कपाशीत गेला. ज्वारीत पाखरू फिरकेना. सदऱ्याच्या हातांवर मात्र पाखरांना जागा मिळेना, आणि अळ्या रोज कमी दिसू लागल्या.

ज्वारी घरी आली, भाकरीही झाली. दीपा खाऊन भांडी घासायला बसली. पुढच्या सालाचं नावच काढेना.

मग कापूस वेचायला निघताना तिनं, साऱ्या बाया घालतात तसा, साडीवर नवऱ्याचा सदरा चढवला. बुजगावण्याच्याच अंगचा काढून. पहिल्याच तासात साळुंकी येऊन तिच्या खांद्यावर बसली. चोचीत अळी.

दीपानं हात उगारला.

"हालू नको," धम्मरत्न कुजबुजला. "काम करून राह्यली ते."

दीपा तशीच थांबली. तिरप्या डोळ्यांनी तिनं साळुंकीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पुढच्या साली ज्वारी जरा जास्त पेरू. या पाखरायलेबी लागन."

साळुंकीनं अळी गिळली, खांद्यावर शिटली आणि उडून गेली. धम्मरत्न डाग पुसायला पुढं झाला.

"राहू द्या," दीपा म्हणाली, "सदरा तुमचाच हाय."