साळवे आणि गिरणाल साहेब

साळवे एका संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी घाबरूनच विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "आपली एलन गेली, वहिनी. टायफॉइडनं. पदरात तान्ही पोर."

एवढं जवळचं माणूस गेलं आणि हे इथं एकटे. मी त्यांना ओढूनच घरी आणलं. त्यांनी चहा घेतला, मग गरम पोळी वाढली तर तीही खाल्ली. निघताना मी हळूच विचारलं, तिकडे कुणी जाणार आहे का. तर म्हणाले, आता जाऊन काय करायचं, सव्वाशे-दीडशे वर्षं होऊन गेली. मला कळलं आज, एवढंच.

साळव्यांशी माझी खरी ओळख झाली ती अशी.

सिंगापुरात चोआ चू कांगला आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला त्यांचा फ्लॅट. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात ते कॉम्प्युटरची यंत्रणा सांभाळायचे. पंचावन्नच्या पुढचं वय, सडसडीत अंग, रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. बायको सिंगापूरला आल्यावर थोड्याच वर्षांत आजारपणात गेली. मुलगा टोरांटोला. तो रविवारी फोन करायचा आणि बहुतेक वेळा गाडी चालवता चालवता करायचा. राहायला साळवे सिंगापुरात होते खरे, पण त्यांचा सगळा जीव इंग्लंडमधल्या हॅगशॉ नावाच्या गावात अडकलेला होता, आणि त्या गावात त्यांनी कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

हॅगशॉ म्हणजे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं एक लहानसं गाव. ऑफिसातून आले की साळवे तिथल्या जुन्या शिरगणत्या, चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी आणि कबरींच्या दगडांचे फोटो कॉम्प्युटरवर काढून बसायचे. कुणाची पोर कुणाला दिली, कोण कुणाकडे पोटभाडेकरू होतं, सगळं त्यांना पाठ. आणि बोलायचे असे की जणू कालच जाऊन आलेत. तो जेम्स विणकर नुसता पिणारा, पण सासू खमकी मिळाली म्हणून संसार टिकला. हॅनानं दुसरं लग्न केलं ते बरं केलं. मी म्हणायचे, भाऊजी, हे तुम्ही मनचं सांगताय. ते फक्त बोट वर करायचे आणि म्हणायचे, "नोंद आहे."

दर दोन वाक्यांमागे त्यांचं "नोंद आहे" यायचं. आमच्या मजल्यावर कचरा कुणी टाकला यावर वाद झाला तेव्हा ते हळहळून म्हणाले होते की हॅगशॉत कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या दारात गेलं याचीसुद्धा नोंद आहे, वहिनी. झाडूवाल्याचंही नाव लिहिलेलं आहे. माझी लेक ईरा तेव्हा सातवीत होती. ती इथल्या पोरांच्या सिंगापुरी ढंगात शांतपणे म्हणाली, "अंकलचे सगळे फ्रेंड्स डेड आहेत, लाह."

मराठी मंडळींच्या कार्यक्रमात त्यांना कुणी ना कुणी विचारायचंच, तुम्ही मूळचे कुठले? साळवे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, हॅगशॉ. सगळे हसायचे आणि विषय तिथेच संपायचा. हे हॅगशॉ आलं कुठून असं मी एकदा विचारलं. त्यांचा आजा मुंबईच्या एका गिरणीत कामाला होता. तिथं मागांच्या खात्यावर एक गोरा साहेब होता. कामगार त्याला गिरणाल साहेब म्हणायचे. लहानपणी साळव्यांना वाटायचं की गिरणीचा म्हणून गिरणाल. ते नाव खरं ग्रीनहाल्श आहे, हे शोधायला त्यांना कित्येक वर्षं लागली. साहेब सापडला, मग त्याचं गाव सापडलं, मग घर, मग गल्ली, मग शेजारपाजार. पण एका साहेबापायी एवढा खटाटोप का, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

एकदा बोलता बोलता मी म्हटलं की माझ्या माहेरी आमच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत आहे, चौदा पिढ्यांचा, मी कधी उघडूनही बघितला नाही. साळव्यांनी विचारलं, "चौदा?" मग त्यांनी कप खाली ठेवला, काम आठवलं म्हणाले आणि गेले. मला वाटलं, खरंच काम आठवलं असेल.

मग एक दिवस ते दारात उभे राहिले ते नव्या नवरदेवासारखे अवघडून. गिरणाल साहेबांची सख्खी नात सापडली होती. डोरीन नाव, पंचाहत्तरीच्या पुढची. वंशवृक्ष शोधणाऱ्यांच्या वेबसाइटवर ओळख झाली होती. ती पर्थला लेकीकडे निघाली होती आणि वाटेत एक दिवस सिंगापूरला उतरणार होती. हॉटेल मरीन परेडच्या बाजूला. साळवे म्हणाले, वहिनी, तुम्ही चला बरोबर, परक्या बाईला एकट्या पुरुषाशी बोलायला अवघड वाटेल. अवघड कुणाला वाटत होतं ते दिसतच होतं.

त्या उकाड्यात त्यांनी सूट घातला. काखेत वंशवृक्षाची भलीमोठी गुंडाळी. आधी MRT म्हणजे इथली मेट्रो, मग बस, असं आम्ही पोचलो. डोरीन हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या उघड्या मंडपात, पंख्याखाली बसली होती, गुबगुबीत, पांढऱ्या केसांची, हसरी. साळव्यांनी गुंडाळी उलगडली ती तीन टेबलांवर पसरली. पंख्यानं ती उडायला लागली, तेव्हा शेजारच्या चिनी आजोबांनी न विचारताच आपला कॉफीचा कप एका कोपऱ्यावर ठेवला.

मोठी पंचाईत झाली ती भाषेची. हॅगशॉतली प्रत्येक गल्ली साळव्यांना ठाऊक, पण हॅगशॉची बोली त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. डोरीन घडाघडा बोलत होती आणि साळवे माझ्याकडे बघत होते. त्यातून ती त्यांना दर वाक्याला 'लव्ह' म्हणायची. तिच्याकडे दुकानदारालाही तसंच म्हणतात हे तिनं सांगेपर्यंत साळवे कानापर्यंत लाल होऊन बसले होते.

मग साळव्यांनी साहेबांच्या नावावर बोट ठेवलं आणि तयारी करून आणलेलं वाक्य म्हटलं, की तुमच्या आजोबांचे आभार मानायला मी आलोय.

डोरीनचं हसू मावळलं. मग सावकाश, आम्हाला कळेल असं बोलली. तिचा आजा फार वाईट माणूस होता. बायकोला मारायचा. चार पोरं टाकून मुंबईला निघून गेला, त्यानंतर त्याची काही खबर नाही. आजीनं त्याचे सगळे फोटो शेगडीत घातले. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे.

साळवे कागदाची कड बोटांनी सरळ करत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

डोरीननंच विचारलं, "त्याचं काही चांगलं ठाऊक आहे का तुला? आमच्या घरात एकही गोष्ट नाही."

साळव्यांनी सांगितलं. टेबलाकडे बघत, साध्या इंग्रजीत. त्या काळी मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकानं तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. म्हणून त्यांच्या आजासारख्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. काम चांगलं, पगार बरा, पण तिथं अस्पृश्य चालत नसे. हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. एका सकाळी गिरणाल साहेबानं सूतखात्यातून आजाला बोलावून मागावर उभं केलं. आजानं धोटा ओढला. साहेबानं तो त्याच्या हातातून घेतला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाला लावला. विणकरांनी माग बंद केले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. दुपारी आजाला परत सूतखात्यात पाठवलं, ते कायमचं.

"अर्धा दिवस," साळवे म्हणाले. "पण आजा मरेपर्यंत सांगायचा. असा माणूस कुठल्या गावात तयार होतो ते मला बघायचं होतं."

डोरीन म्हणाली, तिच्या आजीचे पुढचे दात धोटा ओढूनच किडले होते. तिथं सगळ्याच बायका ओढायच्या, त्यात विशेष काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. मग तिनं साळव्यांचा हात धरला आणि ती रडली. लेकीला आज सांगते म्हणाली, आता सांगायला एक गोष्ट आहे. आम्ही तिला हॉटेलपर्यंत पोचवलं. साळव्यांनी दिलेली गुंडाळी तिनं छातीशी धरली होती.

परतीच्या बसमध्ये साळव्यांनी कोट काढून मांडीवर घेतला. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. मूळचे कुठले, याचं उत्तर ते हॅगशॉ का द्यायचे. माझ्या चौदा पिढ्या ऐकून चहा अर्धा का राहिला. आणि एक गोष्ट मला टोचत होती. डोरीनला तिचा आजा मिळाला होता. साळव्यांच्या आजाचं नाव तिनं विचारलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

मी विचारलं. बस दोन थांबे पुढे गेली.

"सटवा," ते म्हणाले. "बापाचं नाव धोंडू. त्याच्या मागचं मला ठाऊक नाही. आमच्या वस्तीचं कोण लिहून ठेवणार?"

मी म्हटलं, मुलाला तरी ठाऊक असेल. ते म्हणाले, त्याला सांगायला गेलो तर म्हणतो, बाबा, ते ओझं मला देऊ नका, माझ्या पोराला त्याची गरज पडणार नाही. बरोबरच आहे त्याचं. हे म्हणताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

"सटवा धोंडू साळवे," मी म्हटलं, नाव नीट लक्षात राहावं म्हणून.

साळवे खिडकीबाहेर बघत होते. "परत एकदा म्हणा, वहिनी," ते म्हणाले. "आई गेल्यापासून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही."

मी परत म्हटलं.