वाटीतली टूथपेस्ट

थोरलीने वडिलांची सायकल दुरुस्त करायला घेतली, तेव्हा सायकलला काहीही झालेलं नव्हतं. मागचं चाक जरा करकरत होतं, इतकंच. पण धाकट्याने सकाळीच बजावलं होतं, "ताई, संध्याकाळी भंगारवाला येतोय. बाबा गेल्यापासून सायकल पडून आहे. तू चालवणार असशील तर राहू दे. नुसती जिन्याखाली ठेवून बघत बसणार असशील, तर मी देऊन टाकणार."

"चालवणार आहे," ती म्हणाली. आणि चालवायचीच तर ग्रीस भरून चालवावी, म्हणून तिने पाना काढला.

'आवळताना हात राखा, आटे एकदा रुसले की कायमचे रुसतात,' हे वडिलांचं व्याख्यान ऐकतच दोन्ही मुलं वाढली होती. परिणामी घरातला एकूण एक नळ गळत असे.

तिने मागच्या चाकाच्या हबमधला बोल्ट सोडवला. त्याच्याबरोबर एक काळाकुट्ट, चुरगळलेला पत्र्याचा कपटा बाहेर आला. "काय ही घाण!" म्हणत तिने तो कचऱ्यात टाकला, ग्रीस भरलं आणि बोल्ट लावला. बोल्ट फिरला. फिरतच राहिला. धरायचं नाव घेईना.

तिने बोल्टला दोरा गुंडाळला. दोरा आत अडकला. तो काढायला हेअरपिन घातली, तर पिनेचं टोक आत राहिलं. ते ओढायला फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. ते हबलाच असं चिकटलं की सोडवताना त्याचे दोन तुकडे झाले.

शेवटी चाक खांद्यावर घेऊन ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेली. त्याने चिमट्याने पीन आणि दोरा काढला आणि दाताच्या डॉक्टरसारखा बॅटरी लावून आत डोकावला. "आटे गेले. मोठा बोल्ट बसवू."

"तो सायकलच्या खाचेत जाईल?"

"खाच कानशीने वाढवू."

"मग चाक हलेल."

"हलेल," त्याने मान्य केलं. "त्यापेक्षा नवी सायकल घ्या ना, ताई."

घरी येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. "आई, बाबांच्या सायकलचे आटे गेले गं माझ्या हातून."

"तुझ्या हातून कसले जातायत! आतला पत्रा टाकलास की काय?"

"कसला पत्रा?"

"टूथपेस्टच्या ट्यूबचा. तेव्हा ट्यूब पत्र्याची यायची. तू शाळेत होतीस. तुझ्या बाबांनी तो बोल्ट असा काही आवळला की आटे साफ. मग भरलेली ट्यूब कापून तिची पट्टी आत घातली. आठवडाभर आपण वाटीतून पेस्ट घेत होतो, आठवत नाही?"

तिला आठवत होतं. वाटीतून घेतली की हिरड्या मजबूत होतात, असं बाबांनी सांगितलं होतं. आणि तिने ते वर्गापुढे उभं राहून सांगितलं होतं.

"आणि ते हात राखायचं व्याख्यान?"

"ते त्यानंतर सुरू झालं."

थोरलीने कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उपडी केली. सालींत तो कपटा सापडला. पुसल्यावर एका कडेला हिरवी रेघ अजून दिसत होती. तिने चाक जागेवर बसवलं आणि कपटा बोल्टभोवती गुंडाळून आत सरकवला. बोल्टने धरलं. आणखी अर्धा वेढा द्यायला हात शिवशिवला, पण तिने राखला.

संध्याकाळी धाकट्याने चाक हलवून पाहिलं. "घट्ट आहे की! कुणाकडून करून घेतलंस?"

"बाबांकडून," ती म्हणाली, आणि तो तिच्या तोंडाकडे बघायच्या आत टांग मारून निघाली.

मागचं चाक अजूनही करकरत होतं. तिने ते तसंच राहू दिलं.