दामोदरचा कापूस

दामोदर घरी आला का मी आधी शर्टाची बाही आवरतो. बोलता बोलता तो बाहीतला एक दोरा उपसते आन् त्याले काडी लावते. राख झाली तर कापूस. काळा मणी झाला तर म्हणते, "पाह्य, प्लास्टिक घालून हिंडून राह्यला बे तू."

दामोदर माझा मलकापूरचा शेजारी. त्याची सारी उमर जिनात गेली. जिन म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. तो बंद पडला, पण याच्या खिशातली काडीपेटी चालूच. एका लग्नात तर यानं नवरदेवाचा फेटाही सोडला नाही.

त्या एका दोऱ्यावर तो साऱ्या दुनियेचं सांगते. लोकायनं प्लास्टिक घातलं म्हणून कापसाचा भाव पडला, म्हणून जिन बंद, म्हणून बाजारात मंदी.

"मंदी हाये तं मंग तेल काऊन महागलं?" म्या विचारलं.

त्यानं काडी फुंकून विझवली. "तेलाचं खातं वेगळं असते," म्हणे.

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण हे मले आजवर पटलं नाही.

म्हातारपणासाठी आमी बँकेत पैसा टाकला. पोरं मोबाईलवर शेअर घेतात. दामोदरनं कापूस घेतला. समोरची खोली छतापर्यंत भरली आन् स्वतःची बाज आली ओट्यावर. बायको वारली. पोरगी दिली सुरतेले, जावाई साड्याच्या कारखान्यात. प्लास्टिकच्याच साड्या. "उन्हात अंगाले चिकटलं का लोक वापस कापसावर येतीन," दामोदर म्हणते. किती उन्हाळे गेले, कोणी आलं नाही.

सांजच्याले मात्र रस्त्यानं जाणारा हरेकजण थांबते. "दामूभाऊ, काय भाव? कवा विकता?" मंग दामूभाऊ बाजेवर जागा करून देते, चहा ठेवते, भाव समजावून सांगते.

औंदा भाव खरंच चढला. व्यापारी गाडी घेऊन दारात आला. दामोदर म्हणे, "अजून चढन." व्यापारी रिकामी गाडी घेऊन गेला, आन् पंधरवड्यात भाव उतरला.

मी त्याच्या ओट्यावर जाऊन तापलो. "काऊन नाही विकला बे? पिवळा पडून राह्यला तो."

त्यानं माझ्या बाहीतला दोरा उपसला. काडी काही लावली नाही, बोटाले गुंडाळत बसला.

"विकला असता तं आज तू आला असता काय?"

विकायलेच पाह्यजे होता, हे मी अजूनही म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी सांजच्याले मी त्याच्या ओट्यापाशी थांबलो.

"दामू, काय भाव हाये आज?"

तो सरकून बसला.