नळीतून दिसणारी सावर

एका जंगलात, मुलांनो, पक्षी आधी उडायचे आणि मग विचार करायचे. नीट बसा बरं सगळी. खिडकीच्या कठड्यावर कुणी बसू नका.

तर त्या जंगलात एकदा दाट धुकं पडलं. धुक्यात धनेश आणि मोर एकमेकांवर आदळले. धनेशाच्या चोचीचा टवका उडाला. मोर तर उडतच नव्हता, तो नुसता उभा होता. पण धनेश म्हणाला, "हा मध्ये आला."

मग मोठी सभा झाली. सभेत ठरलं की उडण्याला नियम पाहिजेत. नियम असे झाले. समोरून कुणी आलं की दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. ढगापासून दहा झाडं लांब राहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, जोवर लांबचं दिसतंय तोवरच उडायचं. दिसत नसेल तर फांदीवर गप्प बसायचं.

नियम चांगला होता. मला विचाराल तर फारच चांगला होता. लेकरं घरातून बाहेर पडतात तेव्हा असा एखादा नियम पाहिजेच.

पण सभेत साळुंकीने विचारलं, "दिसतंय की नाही, ते बघायचं कुणी?"

"ज्याचं त्याने," धनेश म्हणाला.

"तुम्ही बघितलंत ना त्या दिवशी?" साळुंकी म्हणाली. धनेश चोच झाकून खाली बसला.

म्हणून बघण्यासाठी बगळेसाहेबांना नेमलं. साहेब पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहायचे आणि मान जराही हलवायचे नाहीत. त्यांच्यासाठी दरीच्या काठावरच्या वडावर बांबूची एक नळी वेलींनी घट्ट बांधली. नळीचं एक तोंड साहेबांच्या डोळ्याशी. दुसरं तोंड दरीपलीकडच्या टेकडीकडे. त्या टेकडीवर एक उंच काटेसावर होती. नळीतून सावर दिसली की साहेब म्हणायचे, "दिवस उडायचा!" नाही दिसली की म्हणायचे, "दिवस बसायचा!"

न विचारता जो उडेल त्याच्या शेपटीचं एक पीस हवालदार कावळा उपटून घ्यायचा. हवालदाराच्या ढोलीत पिसांची मऊ गादी झाली होती.

आता त्या जंगलात एक शिंपीण होती. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारी इवलीशी चिमणी, तुमच्या अंगठ्याएवढी. तिचं घरटं दरीपलीकडे. घरट्यात तीन पिल्लं. धाकटी ठिपकी जरा अशक्त होती. शिंपीण सकाळी साहेबांची "दिवस उडायचा!" अशी आरोळी ऐकून अलीकडे यायची, अळ्या गोळा करायची आणि परवानगी काढून परत जायची. सगळा वेळ जीव पलीकडे. पिल्लं खाली तर वाकली नसतील ना? टाका तर उसवला नसेल ना?

एके दिवशी ती अशीच अळ्या वेचत असताना वाऱ्याचा एक झपाटा आला. मोठा आला, पण लगेच गेलाही. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. पलीकडच्या टेकडीवरची मुंगीसुद्धा दिसेल इतकं.

शिंपीण चोचीत अळी धरून वडावर आली. तिथे पक्ष्यांची ही गर्दी.

"काय झालं हो?"

"दिवस बसायचा झालाय," साळुंकी म्हणाली. "वाऱ्याने सावर पडली."

शिंपीण साहेबांपुढे गेली. "साहेब, जाऊ द्या. पिल्लं भुकेली आहेत."

साहेबांनी नळीतून बघितलं. "सावर दिसत नाही. म्हणजे धुकं आहे."

"अहो, सावर पडलीय!"

"ते झाडांचं खातं झालं. आमच्या नियमात पडली की उभी आहे असं काही नाही. दिसली की नाही एवढंच आहे."

"साहेब, जरा नळीच्या बाजूने बघा. ऊन पडलंय."

"नळीच्या बाजूने मी खाजगीत बघतो," साहेब म्हणाले. "कामावर असताना नाही."

"मग नळी तरी दुसऱ्या झाडाकडे वळवा!"

"नळी हलवायला सभा लागते. सभेला सगळे पक्षी लागतात. सगळे पक्षी जमायला त्यांना उडावं लागतं. आणि आज धुकं आहे."

हवालदार कावळा हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या शेपटीला पिसं किती? बघून ठेवतो आपला."

तिकडे ऊन कलायला लागलं. वारा पलीकडून आला की बारीक चिवचिव ऐकू यायची. आधी तीन आवाज येत होते. मग दोनच यायला लागले. ठिपकीचा आवाज येईना.

तेवढ्यात तिला वडाखाली एक डहाळी दिसली. बोटभर लांब, तिला एक लाल फूल. पडलेल्या सावरीचीच, वाऱ्याने इथवर आणून टाकलेली. शिंपीण बघत राहिली. मग तिने कोळ्याच्या जाळ्यातून दोरा ओढला.

साहेब दिवसातून एकदा पाय बदलायचे. पाय बदलताना तोल जाऊ नये म्हणून डोळे मिटायचे. त्यांनी डोळे मिटले आणि शिंपिणीने नळीच्या पलीकडच्या तोंडाला डहाळी उभी धरून चार टाके घातले. हात कसला साफ तिचा!

साहेबांनी डोळा लावला.

"सावर दिसते! फुललीय सुद्धा. आणि आज कशी अगदी जवळ आल्यासारखी वाटते. याचा अर्थ हवा फारच स्वच्छ आहे. दिवस उडायचा!"

शिंपीण सुटली ती थेट घरट्यात. ठिपकी एका कोपऱ्यात मान टाकून बसली होती. अळी पोटात गेली तशी तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "आई, एकच आणलीस?" तेव्हा शिंपिणीच्या जिवात जीव आला.

पण गडबडीत एक चूक झाली, मुलांनो. डहाळी तिथेच राहिली.

दिवस गेले. रोज सावर दिसायची. फूल वाळलं तेव्हा साहेब म्हणाले, "ऋतू बदलला." बाकी काही म्हणाले नाहीत. ठिपकी मोठी झाली. आईबरोबर दरी ओलांडायला लागली. मग तिच्या परीक्षेचा दिवस आला. एकटीने वडावरून उडायचं आणि पलीकडे उतरायचं. आई सोबत नाही.

दोघी वडावर आल्या तेव्हा ऊन होतं. ठिपकीचा नंबर तिसरा. आणि मग दरीतून धुकं वर आलं. साधं नव्हे, दुधाच्या पातेल्यात पडल्यासारखं. शिंपिणीला स्वतःची शेपटीही दिसेना.

"दिवस उडायचा!" साहेब म्हणाले. "पहिला!"

पहिला होळा, कबुतराचा धाकटा भाऊ, तो गेला. धुक्यातून आवाज आला, "ठक्!"

"उतरला वाटतं," साहेब म्हणाले. "दुसरा!"

दुसरा पोपट. "धप्प! अगं आई गं!"

"तोही पोचला. तिसरी, पुढे ये."

शिंपीण मध्ये आली. "साहेब, धुकं आहे हो! पोरगी मरेल माझी!"

"नळीतून सावर स्वच्छ दिसते."

"ती सावर नाही! ती डहाळी आहे. मीच शिवलीय. तुम्ही पाय बदलत होतात तेव्हा."

हवालदार कावळ्याने चोच पुसली.

"नळीला हात लावलात. तीन पिसं," साहेब म्हणाले.

"तीन घ्या, सगळी घ्या! पण तिला थांबवा."

"पिसं वेगळी आणि परीक्षा वेगळी. सावर दिसल्यावर मी दिवस बसायचा कसा म्हणू? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, मला दिसत नाही. प्रत्येकाच्या डोळ्यावर जंगल चालायला लागलं तर कसं व्हायचं? हं, तिसरी. एक... दोन..."

ठिपकीने पंख उघडले. गुणी पोर, सांगितलेलं ऐकणारी. आपली पोरं नेमकी तेव्हाच का ऐकतात, कोण जाणे.

शिंपिणीने पुढचा विचार केला नाही. ती उडी मारून नळीच्या तोंडात शिरली आणि अंग फुलवून बसली. बूच बसवावं तशी.

साहेब थबकले. "अरेच्चा! सावर दिसत नाही. धुकं आलं! किती अचानक! थांब गं मुली. दिवस बसायचा!"

ठिपकी मागे सरकून फांदीला घट्ट बिलगली. नळीच्या आतून शिंपिणीचं काळीज धडधडताना सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेबांना वाटलं, गडगडतंय.

दुपारी धुकं विरलं. शिंपीण बाहेर आली. साहेब म्हणाले, "धुकं गेलं." मग ते बराच वेळ विचार करत राहिले. एवढा विचार त्यांनी त्याआधी केला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही नळीत बसलात की धुकं येतं. उठलात की जातं. इतकं वेळेवर येणारं धुकं या जंगलाला कधी मिळालं नव्हतं. आजपासून तुमची नेमणूक. पद, धुकं. सध्या हंगामी."

"आणि तिची तीन पिसं?" हवालदाराने विचारलं.

"धुक्याला पिसं नसतात," साहेब म्हणाले.

तेव्हापासून शिंपीण पहाटे, धुकं वर यायच्या आत, वडावर जायची. आधी स्वतःच्या डोळ्यांनी दरी बघायची. धुकं असलं की नळीत बसायची, नसलं की बाहेर. एकही पक्षी आदळेना. जंगलात साहेबांचं फार कौतुक झालं. "काय नळी आहे!" असं दुसऱ्या जंगलातले पक्षी येऊन म्हणायचे.

पुढे एकदा ठिपकीला ताप आला. शिंपिणीने साहेबांकडे एक दिवसाची रजा मागितली. साहेबांनी दिली. त्या दिवशी वडावर पाटी लागली, "धुकं आज रजेवर आहे. सर्वांनी निर्धास्त उडावं."

आणि त्याच दिवशी दरीतून धुकं वर आलं, कधी नव्हे इतकं दाट.

घरट्यात शिंपीण ठिपकीला पंखाखाली घेऊन बसली होती. बाहेरून आवाज येत होते. ठक्. धप्प. मग धनेशाचा आवाज, "हा मध्ये आला!" मग हवालदार कावळ्याचा, "धुकं नसताना धडकता? पीस काढा!"

ठिपकीने पानाच्या फटीतून बाहेर बघितलं. "आई, किती धुकं आहे गं."

शिंपिणीने फट ओढून घेतली, एक टाका घातला आणि म्हणाली, "नाही बाळा. मी रजेवर आहे."

तात्पर्य: उडण्याआधी नीट बघावं, हे खरं. पण आपल्या डोळ्यांनी बघू नये, त्याने साहेबांच्या कामात अडथळा येतो. फारच बघावंसं वाटलं तर घरात बसून, फटीतून बघावं, आणि दिसलं ते कुणाला सांगू नये. आणि ज्या दिवशी आई उगाचच घरी थांबवते, त्या दिवशी मुकाट्याने थांबावं.