मकबूलभाईंचा मूकपट

तिसगावात तंबूतला सिनेमा बघायला बसलं, की पडद्यावर जे दिसतंय तेच मकबूलभाई पिंजारी खणखणीत आवाजात सांगत. "पैलवान उठला. आता छत्री उघाडतोय. त्यो शिंपी लई लबाड हाय." सगळ्या तंबूला दिसणारी गोष्ट हा गृहस्थ कशाला सांगतो, ते मला कळेना. मी नेवाशाहून आलेला नवा मास्तर, आणि मधेमधे बोललेलं मला खपत नसे. एकदा मी त्यांना तसं सुनावलंसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, दिसतंय म्हून कळतंय व्हय?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आपला कापूस स्वच्छ आहे असं एखादं गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगू लागलं, की मकबूलभाई त्यातली सरकी काढून त्याच्या तळहातावर ठेवत आणि हेच विचारत.

त्यांचा सगळा जीव एका जुन्या मूकपटावर. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कोणाच्या लक्षात नसेल. एक आडदांड पैलवान आणि एक काडीपैलवान शिंपी पायी परगावी निघालेत, दोघांत छत्री एकच. पैलवान पाण्याला भितो, शिंपी कुत्र्याला. छत्री पैलवानानं धरली तर शिंप्याला ऊन लागतं, शिंप्यानं धरली तर पैलवानाचं मुंडासं तीत अडकतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी धोतराचा सोगा तोंडात धरून हसलो होतो. पण गावाला बोलपटाची चटक लागलेली, या मुक्या चित्राला कुत्रं विचारत नव्हतं.

शेवटी तंबूवाल्यानं सांगून टाकलं, येत्या बाजाराच्या दिवशी तंबू भरला नाही तर रिळं नगरला परत जाणार. मकबूलभाई हट्टाला पेटले. जो खेळाला येईल त्याच्या गादीचा कापूस फुकट पिंजून देईन, असं ते बाजारभर सांगत सुटले. त्यांच्या दारात गाद्यांचा ढीग लागला. लोकांनीही अट घातली, की खेळ चालू असताना मकबूलभाईंनी तोंड उघडायचं नाही. मकबूलभाईंनी तीही कबूल केली.

तंबू गच्च भरला. मकबूलभाई दाढीतल्या कापसासकट आले, घोंगडी अंथरली आणि नेहमीसारखे उजव्या कडेला बसले. डावी अर्धी घोंगडी मोकळीच. तिथं ते कधी कोणाला बसू देत नसत, म्हणून मी शेजारी मातीत टेकलो. पहिलं रीळ संपेपर्यंत लोक खदखदून हसत होते आणि हे ओठ आवळून बसले होते. रीळ बदलायला बत्ती लावली तेव्हा मी पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. रिळं तर आता वाचली होती. मला राहवलं नाही, मी विचारलं.

"गनपत गुरव हितं बसायचा," घोंगडीवर हात फिरवत ते म्हणाले. "त्याला डोळं न्हवतं. मी सांगायचो अन् त्यो समद्यांच्या आदी हसायचा. औंदा, तुमी यायच्या आदीच, त्यो गेला. तरीबी मी त्याला सांगतच ऱ्हायलो. त्याला सांगता सांगता मला शिणिमा कळायचा, मास्तर. आज नुसता दिसतोय."

आपण या माणसाला काय काय बोललो ते आठवून मला माझीच लाज वाटली. बत्ती मालवली तसा मी उठलो आणि घोंगडीच्या डाव्या अर्ध्यावर जाऊन बसलो. त्यांनी अडवलं नाही. मी डोळे घट्ट मिटले आणि विचारलं, "मकबूलभाई, पुढं काय झालं?"

ते माझ्या कानाशी सरकले. मग हळूच म्हणाले, "नदी आली. पैलवान भ्यालाय. शिंपी त्याला म्हनतोय, माज्या खांद्यावर बस."

मागून कोणीतरी अटीची आठवण करून दिली. मी वर्गातला आवाज काढून त्याला गप्प केलं.

"बसतोय बगा," मकबूलभाईंचा आवाज आता चांगलाच चढला होता. "आता दोगंबी पडत्यात."

आणि मी, डोळे मिटलेले ठेवून, सगळ्या तंबूच्या आधी हसलो.