कोपऱ्यातली थोरली

नव्या कॅमेऱ्याच्या फोटोत सगळं घर मावलं होतं, फक्त थोरलीचं तोंड नव्हतं. चारही कोपऱ्यांत काळोख साचला होता. उंच म्हणून ती मागच्या रांगेत टोकाला उभी राहिलेली, ती नेमकी त्या काळोखात गडप झाली होती.

"बाळ्या, मी जायच्या आधीच मला पुसून टाकलंस होय रे?" तिनं फोनवर विचारलं आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात ती मुलाकडे समुद्रापार कायमची राहायला जाणार होती. भावंडांचा एकत्र असा तो शेवटचाच फोटो. तोही त्या तलावाकाठचा, ज्याच्या पाण्याखाली त्यांची लहानपणची गल्ली गेली होती.

वहिनीला नवऱ्याचा दोष पाठ होता. बाळ्या कुठल्याच वस्तूचं वेष्टण काढत नसे. घरातल्या सोफ्यावर दुकानातलंच प्लास्टिक होतं आणि रिमोट पिशवीत राहून राहून घामेजला होता. लेन्सवरही दुकानदारानं लावलेली संरक्षक काच तशीच होती. तिच्यावर पाण्याची चकाकी मारणारा फिल्टर, आणि त्याच्यावर ऊन अडवणारी टोपी.

"अहो, चांगली रुंद बघणारी लेन्स घेतलीत आणि तिच्यापुढे तीन चौकटी रचल्यात. कडेला बघायला गेली की तिला चौकटच दिसणार ना?"

"मग काच उघडी ठेवू? ओरखडा पडला म्हणजे?"

"ओरखडा परवडला. ताईंचा अबोला नाही परवडत."

रविवारी सगळे पुन्हा तलावावर जमले. थोरली आली, पण भावाशी एक अक्षरही बोलली नाही. टोपी लगेच निघाली. फिल्टर मात्र संरक्षक काचेला असा चिकटून बसला होता की हलेना. त्याची पुढची कडी मुळात फिरण्यासाठीच केलेली, त्यामुळे जोर लावला की ती गरागरा फिरे आणि मागची जागच्या जागी. बाळ्या घामाघूम झाला. मधल्या भावानं दात लावून पाहायची तयारी दाखवली.

"आण इकडे," थोरली अखेर बोलली. अंबाड्याचं रबर काढून तिनं ते मागच्या कडीवर घट्ट गुंडाळलं. "जन्मभर घट्ट बरण्याच उघडल्यात मी."

एका पिळ्यात फिल्टर तिच्या हातात आला. तडा तर गेला नाही ना, म्हणून तिनं तो डोळ्याला लावला, पाण्याकडे पाहत कडी फिरवली आणि तिचा हात थांबला.

पाण्यावरची सगळी चकाकी विझली होती. काठाजवळ, हात घालावा इतक्या जवळ, दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. पायऱ्यांशेजारी धुण्याचा दगड होता, आणि त्यापलीकडे एक झिजलेला उंबरा. उंबऱ्यावरून लहान मासे आत-बाहेर करत होते, जणू कुणी तरी त्यांना घरी बोलावलं होतं.

"बाळ्या," ती हळूच म्हणाली, "आपलं दार रे."

मग ती काच या हातातून त्या हातात फिरली. ज्याच्या डोळ्याला लागे तो काठावर वाकून बघे. मधला भाऊ तर चपला काढूनच उभा राहिला.

"उन्हं उतरली! उभे राहा पटापट!" बाळ्या ओरडला आणि टायमर लावून धावत रांगेत घुसला.

घरी फोटो पाहिला. कोपरे लख्ख होते, सगळे स्वच्छ दिसत होते. फक्त थोरली रांगेत नव्हती. ती पार कडेला, पाण्याशी, पाठमोरी, काच डोळ्याला लावून उभी होती. इतक्यात फोन वाजला.

"बाळ्या, माझी नुसती पाठ आलीय."

"ताई, उद्या पुन्हा जाऊ. मी..."

"काही नको. मी घराकडे बघतेय, ते कळतंय त्यात. हाच मोठा करून दे. आणि ती काच माझ्याजवळच राहिलीय. मी घेऊन जाणार, सांगून ठेवते. तू बिनडबीचीच दिलीस, म्हणून मी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर रुमाल बांधला आणि मग डब्यात घातलीय. ओरखडा पडला म्हणजे?"