जागा जावई

आमच्या घरात भांडण होत नाही. हसू नका, खरंच होत नाही! भांडायला दोन माणसं एकाच वेळी जागी असावी लागतात आणि तशी सोय आमच्याकडे फारशी नाही. बायको पहाटे उठते. मी पहाटे झोपतो. स्वयंपाकघरात आमची गाठ पडते. ती म्हणते, "गुड मॉर्निंग!" मी म्हणतो, "गुड नाइट!" आणि संसार पुढे सरकतो. मी वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी बनवतो आणि शब्द मला रात्रीच सुचतात. दिवसा मला स्वतःचं नाव आठवायलाही वेळ लागतो.

तर अशा या सुखी घरात बातमी आली, की सासरे राहायला येणार. त्यांच्या घरातल्या फरश्या उखडून नव्या बसवायच्या होत्या.

"चांगले पंधरा दिवस राहणार आहेत," बायको म्हणाली. "आता तरी बाबांना खरं काय ते सांगून टाक."

खरं काय ते तुम्हालाही सांगतो. सासऱ्यांची बेकरी होती. जन्मभर पहाटे उठून भट्टी पेटवलेली, त्यामुळे माणसाची पारख ते एकाच गोष्टीवरून करतात, तो उठतो कधी! लग्नाआधी मला बघायला ते रात्रभर प्रवास करून, न कळवता, भल्या पहाटे येऊन थडकले. मुद्दामच! बेल वाजली आणि मी तत्क्षणी दार उघडलं. अंगात शर्ट, हातात पेन्सिल, मागे टेबलावर दिवा.

"रोज या वेळी जागे असता?" त्यांनी विचारलं.

"रोज!"

यात एक अक्षर तरी खोटं होतं का, तुम्हीच सांगा! जागा आहे म्हणजे उठलेला आहे, असं त्यांनी धरलं. मीही धरू दिलं. तिथल्या तिथे लग्न ठरलं आणि तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आमचे जावई म्हणजे सूर्याच्या आधी!"

"तू काळजी करू नकोस," मी बायकोला म्हणालो. "रात्रभर जागायचं, पहाटे बाबांबरोबर फिरून यायचं आणि मग झोपायचं. झोपलोच नाही तर उठायचा प्रश्न येतोच कुठे?"



पहिल्या पहाटे सासऱ्यांनी दार वाजवायच्या आत मी बूट घालून तयार! त्यांचे डोळे पाणावले. आम्ही फिरून आलो, मी हळूच झोपायच्या खोलीकडे वळलो, तर मागून हाक आली.

"जावईबापू, तिकडे कुठे? दिवस तर आत्ता सुरू झालाय!"

मग आम्ही बाजार केला. बाजार झाल्यावर पंखे पुसले. पंखे झाल्यावर सासऱ्यांना पाव करायची लहर आली. मी उभ्या उभ्या डुलक्या खात पीठ मळत होतो आणि ते कौतुकाने म्हणत होते, "बघ पोरी, कसा तल्लीन झालाय!" संध्याकाळी ते जेवून लवकर झोपले. तिथून माझ्या कामाची वेळ सुरू!

असे दोन-तीन दिवस काढल्यावर ते मला बागेत 'सूर्याआधी मंडळा'त घेऊन गेले. मंडळाच्या प्रमुख म्हणजे कवायत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. गळ्यात शिट्टी, आवाज असा की झाडंसुद्धा रांगेत उभी वाटावीत. व्यायाम संपल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "पाठीवर आडवे व्हा! डोळे मिटा! अंग सैल सोडा!"

इतका मनापासून हुकूम मी आयुष्यात पाळला नव्हता. डोळे उघडले तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं आणि सगळं मंडळ माझ्याभोवती गोल करून उभं होतं.

"याला म्हणतात सैल सोडणं!" बाई गरजल्या. "शिका जरा! इतकी वर्षं तुम्ही नुसते पडताय!"

"आमचे जावई!" सासऱ्यांची छाती फुगली. झालं! रविवारच्या मेळाव्यात मी भाषण करायचं ठरलं. विषय, 'पहाट आणि मी'.

मधल्या दिवसांत संपादकांचा फोन आला. "अहो, आडवा चार 'उशी', उभा नऊ 'उशी', आणि खाली 'पांघरूण'! काय चाललंय काय तुमचं?"

रविवारी मी माइकसमोर उभा राहिलो. "बंधू-भगिनींनो, शुभ रात्री!"

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या! खूश होऊन बाईंनी विचारलं, "आपण रोज उठता किती वाजता?"

माझा मेंदू केव्हाच झोपला होता. जीभ तेवढी जागी. "बाराला."

"अबब! रात्री बाराला!" पुन्हा टाळ्या.

"नाही हो," मी म्हणालो, "दुपारी."

टाळ्या थांबल्या. सासरे उठले आणि चालू लागले. मी मागोमाग. या माणसाच्या नजरेत आपल्याला मान असावा, असं मला फार वाटायचं. तो मान मी सगळ्यांदेखत घालवला होता.

"म्हणजे लग्नाआधी मी आलो त्या पहाटे तुम्ही..." चालता चालता ते म्हणाले.

"उठलो नव्हतो, बाबा. झोपलोच नव्हतो."

ते वाटेतल्या बाकावर टेकले, मी शेजारी. "मी भट्टीवर जायचो ना, तेव्हा पोरीची आई घरात एकटीच चहा प्यायची. जन्मभर. वाटलं होतं, लेकीला तरी पहाटेची सोबत असावी."

"चहा रोज मीच करतो, बाबा. दोघं बसून घेतो, मग मी झोपतो."

सासऱ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पाठीवर हात ठेवला. "मग अजून काय हवं हो मला?"

मला एकदम भरून आलं! मी उठून उभा राहिलो. "बाबा, शब्द देतो! आजपासून मी चारचौघांसारखा रात्री झोपणार आणि पहाटे तुमच्याबरोबर उठणार!"

सासरे दचकले. माझे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाले, "नको, नको, जावईबापू! तसलं काही करू नका! त्या दिवशी बागेत तुम्ही झोपलात तेव्हा तुमचं घोरणं ऐकलंय मी. पोरीला रात्रीची जरा झोप मिळू द्या!"